रोजच्या आहारातील संपृक्त मेद : खानदेशातील तेल-तुपाचा विचार

भुईमूग, तीळ, करडई, जवस आणि सरकी ही पाचही तेलबियांची पिके जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहेत. यांपैकी एखाद्या पिकाचा दाणा ज्याच्या घरी कधीच आला नाही असा शेतकरी या भागात विरळाच. असे असूनही याच जिल्ह्यांतील पुष्कळ घरांच्या कढईत आज जे तेल पडते ते येथे पिकलेले नसते. ते इंडोनेशिया व मलेशिया या देशांतील ताडवर्गीय झाडाच्या फळांपासून काढलेले असते आणि समुद्रमार्गे आपल्याकडे येते. आपला देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो व त्या आयातीत पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. शेतकरी शेंगा बाजार समितीत विकतो आणि परतताना दुकानातून पामोलीनची पिशवी घेऊन येतो, हा व्यवहार पैशाच्या हिशेबाने कदाचित बरोबर ठरेल. आहाराच्या हिशेबाने तो बरोबर आहे की नाही, हे ठरविण्यासाठी संपृक्त मेद म्हणजे काय हे समजून घ्यावे लागते.

गावात या विषयावर चर्चा निघाली की तीन प्रकारची मते ऐकावयास मिळतात. तूप हे बलवर्धक, ते कितीही खावे, असे एक मत. तूप म्हणजे हृदयविकारास आमंत्रण, ते घरातून हद्दपार करावे, हे दुसरे. तेल ‘रिफाइंड’ असले म्हणजे ते निर्धोक, हे तिसरे. या तिन्ही मतांत एक समान दोष आहे. पदार्थाचे नाव, किंमत किंवा पिशवीवरील चित्र पाहून ती बनविलेली आहेत. त्या पदार्थात आहे काय व त्यातले आपल्या पोटात जाते किती, हे दोन प्रश्न कोणी विचारीत नाही.

संपृक्त म्हणजे काय?

तेल, तूप, लोणी, वनस्पती हे सर्व पदार्थ मुख्यतः मेदाम्लांचे बनलेले असतात. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक लांब साखळी होय. कार्बनच्या प्रत्येक अणूस चार हात आहेत अशी कल्पना करावी. दोन हातांनी तो पुढच्या व मागच्या सोबत्यास धरतो आणि उरलेल्या दोन हातांत हायड्रोजनचा एकेक अणू धरतो. साखळीतील सर्वांचे हात याप्रमाणे भरलेले असले, कोणापाशीही आणखी हायड्रोजन घेण्यास जागा उरली नाही, म्हणजे ते मेदाम्ल संपृक्त झाले. काही साखळ्यांत मात्र दोन शेजारी अणू एकमेकांस एकेका हाताऐवजी दोन-दोन हातांनी धरतात. त्यामुळे प्रत्येकाचा एक हायड्रोजन कमी पडतो व त्या ठिकाणी साखळीस बाक येतो. ही असंपृक्त मेदाम्ले. असा बाक एकच असेल तर त्याचा नमुना ओलिक आम्ल, जे शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असते. दोन असतील तर लिनोलिक आम्ल, ज्याने करडईचे तेल भरलेले असते. तीन असतील तर लिनोलेनिक आम्ल, जे जवसाचे वैशिष्ट्य आहे.

या बाकाचे महत्त्व शेतकऱ्यास सांगण्यास फार शब्द लागत नाहीत. ज्वारीच्या सरळ ताटांच्या पेंढ्या रचल्या तर गंजी घट्ट बसते. बाभळीच्या वाकड्या-तिकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी सैलच राहते. संपृक्त मेदाम्ले सरळ असल्यामुळे एकमेकांस चिकटून बसतात व पदार्थ थिजतो. असंपृक्त मेदाम्ले वाकडी असल्यामुळे सैल राहतात व पदार्थ पातळ राहतो. तूप थिजते आणि करडईचे तेल वाहते याचे कारण एवढेच. अर्थात भुसावळच्या मे महिन्यात तूपही पाण्यासारखे पातळ होते, म्हणून त्याचे तेल झाले असे कोणी समजू नये. तुलना करावयाची ती एकाच तपमानात.

आता शरीराविषयी. आपल्या रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण असतात. त्यांपैकी कमी घनतेचे कण, ज्यांस डॉक्टर ‘एलडीएल’ म्हणतात, यकृत रक्तातून उचलून घेते. आहारात संपृक्त मेद अधिक झाला की यकृताची ही उचल मंदावते, हे कण रक्तात वाढतात व वर्षानुवर्षे रोहिणीच्या आतील बाजूस साचत जाऊन तिचा मार्ग अरुंद करतात. हे काम विहिरीच्या झऱ्यात गाळ बसावा तसे हळूहळू चालते. पाण्याची धार बारीक होईपर्यंत कोणास पत्ता लागत नाही. संपृक्त मेदाच्या जागी असंपृक्त मेद घेतला तर हा धोका कमी होतो. परंतु त्याच्या जागी साखर व मैदा घेतला तर पदरात काहीच पडत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तूप सोडून चहाबरोबर बिस्किटांचा पुडा संपविणारे गृहस्थ आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत.

अमळनेरचा धडा

संपृक्त मेद निसर्गात जसा आढळतो तसा तो कारखान्यात तयारही करता येतो, आणि याचे उदाहरण शोधण्यास खानदेशाबाहेर जावयास नको. ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या कंपनीची स्थापना महंमद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी केली व तिचा कारखाना अमळनेर येथे उभा राहिला. आसपासच्या मुलखात पिकणारा भुईमूग हे तेथे येण्याचे मोठे कारण होते. पुढे संगणकाच्या व्यवसायात ‘विप्रो’ या नावाने जगभर गेलेली कंपनी ती हीच. तिचा पहिला माल मात्र वनस्पती तूप होता आणि त्याच्या जोडीला ‘७८७’ नावाचा कपडे धुण्याचा साबण. वनस्पतीचे नाव ‘सनफ्लॉवर’ असे होते. गंमत अशी की सूर्यफुलाचे तेलबिया म्हणून पीक आपल्या देशात त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, १९६९ च्या सुमारास, रशियन वाणांपासून सुरू झाले.

शेंगदाण्याच्या पातळ तेलाचे घट्ट वनस्पती कसे होते? फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये यांनी निकेल धातूच्या साहाय्याने वायुरूप पदार्थांस हायड्रोजन जोडता येतो हे १८९७ साली दाखविले. त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन शास्त्रज्ञाने हीच क्रिया पातळ तेलावर करून १९०२ साली तिचे पेटंट घेतले. तापविलेल्या तेलात निकेलची भुकटी घालून दाबाखाली हायड्रोजन सोडला की दोन हातांनी धरून बसलेले कार्बन एकेक हात सोडतात, रिकाम्या हातांत हायड्रोजन येतो, साखळीचा बाक निघून जातो व तेल थिजते. भुईमुगाचे तेल शेतातून निघाले तेव्हा चांगल्या प्रतीचे होते. त्याला कणीदार, पांढरे, तुपासारखे रूप देण्यासाठी त्याचा गुणच आपण बदलून टाकला.

एवढ्यावरच हे थांबत नाही. ही क्रिया अर्धवट ठेवली म्हणजे काही साखळ्यांतील दोन हातांची पकड तशीच राहते, परंतु तिची ठेवण उलटते व बाक सरळ होतो. त्यास ट्रान्स मेद म्हणतात. नावाने तो असंपृक्त, पण रचनेने सरळ. तो रक्तातील घातक कण वाढवितो आणि शिवाय उपकारक कण कमी करतो. म्हणून तो संपृक्त मेदाहूनही वाईट ठरला आहे. वनस्पती घरोघरी पोहोचले त्या काळी याची कोणासच कल्पना नव्हती. लोकांची तक्रार वेगळीच होती, ती म्हणजे तुपातील भेसळीची. त्यावर शासनाने काढलेला उपाय मोठा कल्पक होता. प्रत्येक वनस्पतीत ठराविक प्रमाणात तिळाचे तेल मिसळणे बंधनकारक करण्यात आले. तिळाच्या तेलाचा हायड्रोक्लोरिक आम्ल व फुरफुरल यांच्याशी संयोग झाला की लाल रंग येतो. शुद्ध तुपास तो येत नाही. त्यामुळे तुपात वनस्पती मिसळणारा व्यापारी परीक्षानळीत आपोआप सापडू लागला.

ट्रान्स मेदावर आपल्या देशात कायद्याची मर्यादा प्रथम आली ती २०११ साली, दर १०० भागांस १० भाग अशी. पुढे ती उतरत गेली व १ जानेवारी २०२२ पासून २ भागांवर आली. हे फार चांगले झाले. तथापि यातून एक नवा गैरसमज निर्माण झाला आहे. पिशवीवर ‘ट्रान्स मेद नाही’ असे छापलेले असले की ग्राहक निश्चिंत होतो. वस्तुतः पदार्थ घट्ट तर हवाच असतो, म्हणून अर्धवट हायड्रोजन दिलेल्या तेलाऐवजी आता पुष्कळ ठिकाणी पामतेलाचा घट्ट भाग वापरला जातो व त्यात संपृक्त मेद भरपूर असतो. खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमची बिस्किटे यांच्या बाबतीत हे विशेषेकरून ध्यानात ठेवावे. शाळेतील मुलांस पुड्यावरचा पोषणतक्ता वाचावयास शिकविले तर हे काम घरच्या घरी होईल. त्या तक्त्यात संपृक्त मेदाचा आकडा स्वतंत्र दिलेला असतो.

कोणत्या पदार्थात किती?

पुढील आकडे दर १०० ग्रॅम पदार्थातील संपृक्त मेदाचे, सुमारे ग्रॅममध्ये आहेत. वाण, हवामान व प्रक्रिया यांनुसार त्यांत थोडा फरक पडतो.

करडईचे तेल – ६ ते ९
जवसाचे तेल – ९ ते १०
सूर्यफुलाचे तेल – १० ते १२
तिळाचे तेल – १४ ते १५
सोयाबीनचे तेल – १५ ते १६
शेंगदाण्याचे तेल – १७ ते २०
सरकीचे तेल – २५ ते २७
पामोलीन – ४० ते ४६
लोणी – सुमारे ५०
तूप – ६० ते ६५
खोबरेल – ८५ ते ९०

खानदेशात पिकणाऱ्या पाचही तेलबिया या यादीत पामोलीनच्या वर आहेत आणि बाहेरून येणारे पामोलीन खालच्या भागात, तुपाच्या जवळ आहे. तेल म्हणजे हलके व तूप म्हणजे जड, ही समजूत पामोलीनच्या बाबतीत टिकत नाही. सरकीचे तेल या दोहोंच्या मध्ये बसते. कपाशी हे आपल्या भागात धाग्याचे पीक मानले जाते, परंतु ते तेलबियांचेही पीक आहे. मात्र सरकीच्या कच्च्या तेलात गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते, ते शुद्धीकरणात काढावे लागते. म्हणून सरकीचे तेल गावच्या घाण्यावर काढून खाऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून अधिक उष्मांक संपृक्त मेदातून येऊ नयेत. मेदाच्या एका ग्रॅममधून ९ उष्मांक मिळतात. बैठे काम करणाऱ्या माणसाचा आहार २,००० उष्मांकांचा धरला तर त्याची मर्यादा सुमारे २२ ग्रॅम येते. दिवसभर नांगरणी वा कोळपणी करणाऱ्यास ३,००० उष्मांक लागत असतील तर ती ३३ ग्रॅमपर्यंत जाते. म्हणून शेतात राबणाऱ्या बापाचे ताट दुकानात बसणाऱ्या मुलाने तसेच्या तसे वाढून घेऊ नये. आजोबा तूप-बट्टी खाऊन नव्वदी गाठले, हा दाखला नेहमी दिला जातो. आजोबा दिवसाकाठी किती कोस चालत होते, हे त्या दाखल्यात सांगितले जात नाही.

एक साधा दिवस मोजून पाहू. दोन वेळच्या चहात मिळून म्हशीचे १०० मिलिलिटर दूध, त्यातून ४ ग्रॅम. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, दाणे २० ग्रॅम, त्यांतून सुमारे २ ग्रॅम. वरणभातावर तुपाचा एक लहान चमचा, ३ ग्रॅम. दिवसभराच्या भाजी-फोडणीस शेंगदाण्याचे तेल २५ ग्रॅम, त्यातून साडेचार ग्रॅम. एकूण साडेतेरा ग्रॅम झाले. या माणसास तूप सोडण्याचे काहीच कारण नाही. आता फक्त तेल बदलून पामोलीन घ्यावे. साडेचाराच्या जागी ११ ग्रॅम येतात आणि बेरीज वीस होते. सायंकाळी पामोलीनमध्ये तळलेल्या शेवेची भाजी झाली, तर शेवेच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेलच असल्यामुळे १०० ग्रॅम शेवेमागे आणखी १५ ग्रॅमची भर पडते. मर्यादा ओलांडली जाते ती येथे. दोष मात्र ताटातील त्या एका चमचा तुपास दिला जातो, कारण ते डोळ्यांस दिसते.

शेवभाजी, डुबुकवडे, भरीत, वरण-बट्टी हे खानदेशाचे वैभव आहे व ते सोडा असे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. जळगावच्या भरताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या त्या वांग्यास स्वतःचा गर व धुरकट चव एवढी असते की वर तेलाचा थर तरंगण्याची आवश्यकता नसते. बट्टीवरचे तूप चमच्याने मोजून वाढावे, वाटीने ओतू नये. बट्टी तळलेली असेल तर तिच्यात आधीच तेल मुरलेले असते. सणाच्या दिवशी हिशेब चुकला तर चुकू द्यावा. रोहिणी भरते ती रोजच्या सवयीने.

दूध, तूप आणि सरकी

दूधसंकलन केंद्रावर दुधाचा भाव फॅटवर ठरतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या मनात अधिक फॅट म्हणजे अधिक चांगले दूध असे समीकरण बसले आहे. विक्रीपुरते ते ठीक आहे. म्हशीच्या दुधात साडेसहा टक्के फॅट धरले तर अर्ध्या लिटरमधून ३३ ग्रॅम मेद येतो आणि त्यापैकी २० ग्रॅमहून अधिक संपृक्त असतो, म्हणजे बैठ्या माणसाची जवळजवळ पूर्ण दिवसाची मर्यादा. हृदयविकाराच्या रोग्याने दूध सोडण्याचे मात्र कारण नाही. तापविलेले दूध थंड करून जाड साय काढून घ्यावी. लोणी काढलेले ताक तर त्याहून उत्तम, कारण त्यात प्रथिने व चुना राहतात व मेद बहुतांशी निघून गेलेला असतो. ताक-भाकरीचा जुना आहार या दृष्टीने फार विचारी होता.

येथे एक गोष्ट पशुपालकांच्या माहितीसाठी सांगण्याजोगी आहे. सरकी व सरकीची पेंड भरपूर खाणाऱ्या जनावरांचे तूप इतर भागांतील तुपाहून अधिक घट्ट होते व त्यातील उडून जाणाऱ्या लहान मेदाम्लांचे प्रमाण उतरते. प्रयोगशाळेत हेच प्रमाण तुपाच्या शुद्धतेची एक खूण मानतात. त्यामुळे कापूसपट्ट्यातील शुद्ध तूपही भेसळीचे ठरण्याचा धोका होता. तो टाळण्यासाठी तुपाच्या शासकीय मानकांत कापूस पिकविणाऱ्या भागांसाठी निराळी मर्यादा घालण्यात आली. जनावराने खाल्लेला दाणा माणसाच्या ताटातील तुपाचा पोत असा बदलतो.

हा सल्ला कोणास देऊ नये

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर बोलताना समोर कोण बसले आहे याचा आधी विचार करावा. शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर अशी पुष्कळ कुटुंबे आहेत की ज्यांच्या आहारात मेद अधिक नसून कमी आहे. दोन वर्षांखालील बालकाच्या वाढीस मेदाची अत्यंत आवश्यकता असते. त्याचे पोट लहान, गरज मोठी. पातळ पेजेने ते पोट भरते, पण गरज भागत नाही. अशा बालकाच्या मऊ भातात वा खिचडीत चमचाभर तेल किंवा तूप घालावयास सांगणे हेच योग्य होय. वजन कमी असलेल्या गर्भवतीस, दुधाच्या आईस किंवा हाडकुळ्या मजुरास ‘तेल-तूप कमी करा’ असे सांगणे म्हणजे एकाचे औषध दुसऱ्यास पाजणे आहे. शहरातील वृत्तपत्रांत छापून येणारा आहारविषयक मजकूर गावच्या सभेत जसाच्या तसा वाचून दाखविण्याची पद्धत याच कारणासाठी बंद झाली पाहिजे. कृषी सहाय्यकांनी अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांच्याशी आधी बोलून कोणत्या घरी काय सांगावयाचे हे ठरवावे.

घाणा, शुद्धीकरण आणि शेंगा

लाकडी घाण्याच्या तेलाकडे लोकांचा ओढा पुन्हा वाढत आहे. त्याची चव व वास चांगला असतो आणि गावात चार पैसे राहतात. परंतु घाण्यावर काढल्याने तेलातील संपृक्त मेद कमी होतो असे समजण्याचे कारण नाही. शेंगदाण्याचे तेल घाण्याचे असो की कारखान्याचे, मेदाम्लांचे प्रमाण तेच राहते. शुद्धीकरणानेही ते बदलत नाही, म्हणून ‘रिफाइंड’ या शब्दावरून संपृक्ततेविषयी काहीच कळत नाही.

घाण्याच्या तेलास एक जोखीम आहे आणि तिचा उपाय शेतकऱ्याच्या हातात आहे. ओलसर शेंगांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते व ते यकृतास अपायकारक असते. शुद्धीकरणात हे विष बहुतेक निघून जाते, घाण्याच्या तेलात ते राहू शकते. म्हणून काढणीनंतर शेंगा चांगल्या वाळवून, दाणा ओलाव्याने ८ टक्क्यांच्या आसपास आल्यावरच साठवाव्यात. हलविली असता शेंगेतील दाणा खुळखुळला पाहिजे. फुटक्या, काळवंडलेल्या, सुरकुतलेल्या व बुरशी आलेल्या दाण्यांचे तेल काढू नये. ‘खराब दाणे घाण्याला’ ही पद्धत अगदी उलटी आहे.

घरापुरते तेल पिकवावयाचे तर जमीन किती लागेल? पाच माणसांच्या घरात माणशी रोज २५ ग्रॅम तेल धरले तर वर्षाला सुमारे ४५ किलो होते. घाण्यावर दाण्यांच्या वजनाच्या ४० टक्के तेल मिळते असे मानले तर ११५ किलो दाणे लागतील आणि शेंगांचा उतारा ७० टक्के धरल्यास १६५ किलो शेंगा. उन्हाळी बागायती भुईमुगाचे हेक्टरी १६ ते १७ क्विंटल उत्पन्न आले तर ही गरज १० गुंठ्यांत भागते. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून निघालेला ‘फुले प्रगती’ हा वाण जे.एल. २४ या नावाने देशभर गेला, त्या नावातील अक्षरे जळगावचीच आहेत. ज्यांच्यापाशी उन्हाळ्यात पाणी नाही त्यांनी रब्बीत ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी घालण्याचा जुना रिवाज पुन्हा सुरू करावा. काट्यांमुळे जनावरांपासून राखण होते आणि यादीतील सर्वांत कमी संपृक्त मेदाचे तेल घरात येते. शेंगदाणा व करडई ही तेले आलटून पालटून वापरणे एकाच तेलावर अवलंबून राहण्यापेक्षा बरे. जवसाचे तेल तळणीस घेऊ नये, ते उष्णतेने लवकर बिघडते. जवस भाजून त्याची चटणी करावी.

शेंगदाण्याचे तेल महाग पडते ही तक्रार खरी आहे. दिवाळीत शिधापत्रिकेवर मिळालेले पामतेलही कोणी टाकून देणार नाही आणि देऊही नये. २०२२ सालच्या ‘आनंदाचा शिधा’ या संचात ते एक लिटर होतेच. अशा वेळी तेलाचा प्रकार बदलणे शक्य नसेल तर निदान माप बदलावे.

डब्यावरील तारीख आणि बाटल्यांचा प्रयोग

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी २०१० साली वरून घातल्या जाणाऱ्या तेल-तुपाचे रोजचे माप सुचविले, ते असे : बैठ्या कामाच्या पुरुषास २५ ग्रॅम, मध्यम कामाच्या ३० व जड कामाच्या ४०, स्त्रियांस अनुक्रमे २०, २५ व ३० ग्रॅम. सरासरी २५ ग्रॅम धरून पाच माणसांस रोज १२५ ग्रॅम लागतात. १५ किलोचा डबा या हिशेबाने १२० दिवस, म्हणजे चार महिने पुरला पाहिजे. तो दोन महिन्यांत संपत असेल तर माणशी ५० ग्रॅम तेल पोटात जात आहे, यासाठी दुसऱ्या कोणत्याही चाचणीची गरज नाही. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नये. ते काळे, चिकट झाले व फेस धरू लागले की टाकून द्यावे.

गावच्या सभेत दाखविण्यासाठी पौष महिन्यातील थंडीचा उपयोग करून घ्यावा. धुळ्यास पारा कित्येकदा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. सारख्या आकाराच्या चार पांढऱ्या काचेच्या बाटल्यांत करडईचे तेल, शेंगदाण्याचे तेल, पामोलीन व पातळ केलेले तूप भरून, नावाच्या चिठ्ठ्या लावून रात्रभर ओसरीवर ठेवाव्यात. पहाटे तूप दगडासारखे झालेले असते, पामोलीन पांढरे होऊन थिजते आणि करडई पूर्ववत वाहते. शेंगदाण्याचे तेल थंडी कडक असल्यास गढूळ व दाट होते. त्यावरून ते भेसळीचे आहे असा आरोप कोणावर करू नये. भुईमुगाच्या शास्त्रीय नावावरूनच ज्याचे नाव पडले ते अरॅकिडिक आम्ल व तशीच काही लांब साखळीची आम्ले त्यात थोड्या प्रमाणात असतात व ती लवकर गोठतात. थंडी पुरेशी नसेल तर बाटल्या कोणाच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवाव्यात व सभा सुरू होण्याच्या क्षणीच बाहेर काढाव्यात, कारण उन्हात पामोलीन पाहता पाहता पातळ होते. सभा संपल्यावर ज्या घरांनी तेलाचा नवा डबा उघडला असेल त्यांच्या डब्यावर त्या दिवसाची तारीख खडूने लिहून यावे आणि डबा संपेल त्या दिवशीची तारीख गृहिणीने तिच्याखाली लिहावी असे सांगावे.